घरात दुसरं काही चालू नाही

मेघना: ही सुंठ नाही, आई. सुंठ मी ओळखते. हे काय आहे?

(घोडपदेव. चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, शनिवारची दुपार. मेघना ओट्यापाशी उभी, हातात चहाची गाळणी. तिची सासू शेवंती खुर्चीत बसून मटार सोलते आहे.)

शेवंती: चोथो तो. टाक मोरीत.

मेघना: सुंठीला अशी हिरवट साल असते? आतून बघा, चाकासारखं दिसतंय. आणि मी चाखून बघितलं. कडू जहर आहे.

शेवंती: चोथो चाखतंस? काय म्हणू तुका आता.

मेघना: गुळवेल आहे ना?

शेवंती: मगे? इख तर नाय ना घातलंय!

मेघना: म्हणजे सुंठीचा चहा म्हणून रोज सकाळी जो कप माझ्या हातात देता, तो हा काढा आहे.

शेवंती: सुंठ पण आसा त्याच्यात. गूळ आसा. मी खोटा नाय बोललंय.

मेघना: कडवट लागतोय म्हटलं तर तुम्ही म्हणालात, सुंठ जुनी आहे.

शेवंती: जुनीच आसा ती.

मेघना: आई! परळच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं? घरी येऊन मी तुम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की नाही? काढा बंद. गुळवेल, अश्वगंधा, पावडरी, जे काही प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून देतात ते सगळं बंद. तुम्ही हो म्हणालात. पातेलं घासून वर ठेवलंत.

शेवंती: ठेवलंय ना. ह्या दुसरा पातेला.

मेघना: वा!

शेवंती: ओरडू नको गो. बाजूची वैदेही ऐकता.

मेघना: ऐकू दे. तिला पण कळू दे. रोज दारात उभी राहून विचारते, अजून बरं नाही वाटत? माझं बघ, महिन्यात कामाला लागले. जसं काही मी शाळा बुडवतेय.

शेवंती: ती काय वायट बोलता? गणपतीत आख्ख्या मजल्याक चिकुनगुनिया झालो. सगळी उठली. तूच तेवढी रवलंस. म्हणान म्हटलंय, हिच्या अंगात ताकदच नाय. ताकद नाय तर रोग जायत कसो? दोन काड्यांनी काय होता?

मेघना: तेच तर उलटं आहे! किती वेळा सांगू? माझ्यात ताकद कमी नाहीये. रोग गेला. व्हायरस केव्हाच गेला, रक्तात सापडत नाही. त्याच्याशी लढायला अंगातली जी फौज उठली होती ना, ती परत बसलीच नाही. ती आता माझ्याच सांध्यांना मारतेय.

शेवंती: आपलाच अंग आपल्याक कशाक मारीत?

मेघना: का मारतं ते मॅडमना पण पूर्ण माहीत नाही. काही लोकांत होतं म्हणाल्या. थांबा, तुमच्या भाषेत सांगते. गणपतीत आपल्या मंडळाचे कार्यकर्ते दोर धरून उभे असतात ना, गर्दी आवरायला?

शेवंती: आमचो निलेश असता त्याच्यात.

मेघना: असतो ना, शिट्टी घेऊन. तर विसर्जन होऊन गेलं. मूर्ती गेली, मांडव उतरला, गर्दी आपापल्या घरी गेली. पण ही पोरं अजून दोर धरून उभी आहेत. आणि आता समोर दिसेल त्या चाळीतल्याच माणसाला ढकलतायत. म्हाताऱ्यांना, दुधवाल्याला, सगळ्यांना. माझ्या अंगात हे चाललंय, आई. आणि त्यांना शांत करायला मी मॅडमनी दिलेली आठवड्याची ती गोळी खात होते.

शेवंती: हां.

मेघना: आणि तुम्ही रोज सकाळी त्यांना वडापाव नेऊन देताय! घ्या रे पोरांनो, दमलात, अजून ढकला!

शेवंती: हसतंस काय माका?

मेघना: हसत नाहीये मी. माझ्या तोंडाकडे बघा. मी हसत नाहीये.

शेवंती: बरा, बोल. ऐकतंय.

मेघना: गोळी लागू पडली होती. डिसेंबरात मी स्वतः चपात्या लाटल्या, आठवतंय? स्पृहाला कडेवर घेऊन जिना चढले. मग जानेवारीत लिव्हरचा रिपोर्ट बिघडला आणि मॅडमनी गोळी थांबवली. म्हणाल्या, बहुतेक गोळीनंच बिघडलं, काहींना सोसत नाही. सोमवारी परत रक्त द्यायचंय. आकडे खाली आले नाहीत तर ही गोळी माझ्यासाठी कायमची बंद. मग स्टिरॉइड, नाहीतर ती इंजेक्शनं. तुम्हाला माहितेय हे सगळं. मी ह्याच खुर्चीत बसून रडले होते त्या दिवशी.

शेवंती: माहीत आसा म्हणानच तर...

मेघना: म्हणूनच काय?

शेवंती: तुझा लिवर बिघडला म्हणान कळला, तशी मी दोन काड्या वाढवलंय. काविळीक आमच्या गावाक गुळवेलच देतत. त्या गोळयेन बिघडवला ता हिना सुधारात, असा वाटला माका.

मेघना: वाढवलीत.

शेवंती: तुझ्या बऱ्यासाठीच गो.

मेघना: मी गोळीला शिव्या देत बसले. स्वतःच्या लिव्हरला शिव्या दिल्या. एवढं एक औषध मिळालं होतं, तेही माझ्या अंगाला चालत नाही म्हणून नशिबाला रडले. आणि इथे पातेल्यात दोन काड्या वाढत होत्या! स्पृहाला नाही ना देत? आई, खरं सांगा. पोरीला देता?

शेवंती: एकदाच दिलंय. थुकलान ती माझ्या लुगड्यार. म्हणता, आजी, हे तूच पी.

मेघना: पाच वर्षांच्या पोरीला जेवढं कळतं तेवढं...

शेवंती: बोल. बोल सगळा. माका मेलीक काय कळता? पण एक सांग. तुझे सासरे गेले तेव्हा कोण होते? डॉक्टरच होते ना? मशिनी होत्या, नळये होते. पहिल्या कोरोनात मी सगळ्यांक रोज काढो दिलंय, कोणाक शिंक आली नाय. दुसऱ्या खेपेक सगळा बंद, गुळवेल खंय गावली नाय. आणि तेच गेले. शेवटचा तोंड बघूक गावला नाय माका. तू तेव्हा ह्या घरात होतंस. तुका नाय माहीत?

मेघना: माहितेय, आई.

शेवंती: मगे माका नको बोलू.

मेघना: बोलणार. बाबांचं मला वाईट वाटतंच, पण बोलणार. बाबा गुळवेल नव्हती म्हणून नाही गेले. आणि त्यांचा धसका माझ्या कपात ओतायचा नव्हता, मला न सांगता. निदान सांगायचं होतं! भांडले असते. पण मॅडमनी विचारलं तेव्हा खरं तरी सांगता आलं असतं.

शेवंती: निलेश इलो बघ. हळू बोल.

निलेश: काय चाललंय? खाली पानाच्या गादीपर्यंत आवाज येतोय. सीताराम काका मला म्हणतो, वर जाऊ नको, गरम आहे. हे घे, बांगडे आणलेत, ताजे आहेत एकदम.

मेघना: ठेव तिथे. निलेश, हे काय आहे?

निलेश: गाळणी.

मेघना: गाळणीत.

निलेश: ...आलं-बिलं असेल.

मेघना: तुझ्या बायकोला रोज सकाळी गुळवेल पाजली जातेय. सुंठीचा चहा सांगून. जानेवारीत डबल.

निलेश: काय सांगतेस! आई, हे काय यार? डॉक्टरनी नको म्हटलं होतं ना?

शेवंती: चुकला माझा.

निलेश: झालं ना? चुकलं म्हणाली ती. आता बंद. मेघू, तू बस, बीपी वाढेल. जेवून घेऊ, मग शांतपणे बोलू.

मेघना: गुळवेल कुणी आणली?

निलेश: म्हणजे?

मेघना: साधा प्रश्न आहे. ही सुकलेली नाही, ताजी काडी आहे. घरात वेल नाही. मग आणली कुणी?

शेवंती: मीच आणलंय.

मेघना: आई, गुडघ्यांमुळे तुम्ही दिवाळीपासून जिना उतरला नाहीत. खालच्या हळदीकुंकवाला सुद्धा मी तुमचं वाण वर आणून दिलं.

शेवंती: वैदेहीक सांगितलंय असात.

मेघना: वैदेहीला हाक मारू? ती ऐकतेच आहे.

निलेश: अगं हाक कशाला मारतेस, थांब ना.

मेघना: थांबले. बोल.

निलेश: आईनं सांगितलं होतं. रविवारी भायखळ्याला भाजी घ्यायला जातो ना मी, तिथे एक बाई बसते पाल्यावाली. दहा-वीस रुपयाची घेतो. ती काय ड्रग्ज आहे का?

मेघना: दर रविवारी?

निलेश: जवळजवळ.

मेघना: आत्ता आईंना म्हणालास, हे काय यार. कसलं सुंदर बोललास रे. टाळ्या वाजवायला हव्या होत्या, पण बोटं मिटत नाहीत माझी.

निलेश: सॉरी. अचानक विचारलंस, तोंडातून गेलं.

मेघना: आणि जानेवारीत? मॅडमच्या केबिनमध्ये? ते पण तोंडातून गेलं?

निलेश: आता ते कशाला?

मेघना: रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी विचारलं, दुसरं काही चालू आहे का? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, घरगुती काढा? नीट आठवून सांगा, कारण त्यावर पुढचं ठरणार आहे. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, नाही डॉक्टर, घरात दुसरं काही चालू नाही. आणि मला बरं वाटलं. मला वाटलं, बघा, माझा नवरा किती लक्ष ठेवून आहे.

शेवंती: निलेशा, तुका इचारलेनी होता?

निलेश: आई, तू मध्ये पडू नको.

शेवंती: माका म्हणालंस, डॉक्टर काय बोलले नाय काढ्याचा. माका तसा म्हणालंस तू!

निलेश: मग काय सांगणार होतो? तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस बाबांच्या फोटोसमोर. तिथे सांगितलं असतं तर ती मॅडम झापते सगळ्यांसमोर, ते ज्युनियर डॉक्टर उभे असतात. मला वाटलं, थोडीशी काडी, तिनं काय लिव्हर फुटतंय?

मेघना: म्हणजे तुला ओरडा बसू नये म्हणून.

निलेश: तसं नाही गं.

मेघना: मग कसं? सांग ना. मॅडमनी कागदावर सांधा काढून दाखवला होता, तेव्हा तू पण होतास. तुला ऑटोइम्युन म्हणजे काय ते नाही कळलं?

निलेश: कळलं. म्हणजे, इम्युनिटीचा प्रॉब्लेम आहे एवढं कळलं. प्रॉब्लेम आहे तर वाढवायला नको का? सगळीकडे तेच सांगतात. ग्रुपवर रोज येतं.

मेघना: ग्रुप!

निलेश: आणि खरं सांगू? चिडू नको.

मेघना: चिडलेलीच आहे. सांग.

निलेश: सगळ्यांना तोच ताप आला. मला आला, आईला आला. ह्या वयात आई महिन्यात उठली. वैदेही उठली, सीताराम काका परत गादीवर बसायला लागला. तू एकटीच... वरून बघितलं तर काही दिसत पण नाही. एक दिवस बरी असतेस, एक दिवस उठत नाहीस. मला वाटलं...

मेघना: वाटलं काय?

निलेश: थोडं मनाचं पण असेल.

मेघना: मनाचं.

निलेश: थोडं म्हटलं.

मेघना: माझी अंगठी सोनारानं कापून काढली, ती मनाची होती? बोट काळंनिळं पडलेलं तू बघितलंस, तूच हात धरला होतास माझा. सकाळी बाथरूमची कडी उघडत नाही म्हणून मी आतून हाका मारते, ते मनाचं? स्पृहा मला काय म्हणते माहितेय? युनिफॉर्मचं बटण लावायला गेले की म्हणते, आई, तू हात खाली ठेव, माझं मी करते. मॅडमनी सोनोग्राफी केली, सांध्यात सूज दिसली, पडद्यावर दाखवली तुला. लाल लाल. तू म्हणालास, हो दिसतंय. आणि घरी येऊन रविवारी पिशवी घेऊन गेलास गुळवेल आणायला!

निलेश: दिसलं ते मान्य आहे. पण...

मेघना: आईंनी निदान मी आजारी आहे असं मानलं. चुकीचं औषध दिलं, पण आजारी मानून दिलं. तू तर मानलंच नाहीस. आईंना नाही म्हणायला जड जातं म्हणून आणलीस, मॅडमना हो म्हणायला जड जातं म्हणून लपवलीस. मध्ये माझं लिव्हर होतं, ते तुला दिसलंच नाही.

शेवंती: पुरे कर गो. रडतलो तो.

मेघना: रडू दे. फोन काढ, निलेश.

निलेश: कुणाला?

मेघना: मॅडमना. शनिवारी त्यांची ओपीडी आत्ता सुटते. नंबर दिलाय त्यांनी.

निलेश: अगं सोमवारी जातोच आहोत ना आपण. तेव्हा सांगू. मी सांगतो, प्रॉमिस.

मेघना: सोमवारी त्या आकडे बघतील आणि गोळीवर काट मारतील. तू घसा साफ करेपर्यंत बाहेरचा दुसरा पेशंट आत येईल. आत्ता.

निलेश: काय सांगू? बायकोला लपवून काढा पाजत होतो?

मेघना: हो. असंच. ह्याच शब्दांत.

शेवंती: माका दे फोन. मी सांगतंय तेंका. म्हातारी आसा, अडाणी आसा म्हणतील, म्हणोत. पोराचा नाव नको.

मेघना: नाही, आई. तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. ज्याला विचारलं होतं तो सांगेल. स्पीकरवर टाक.

निलेश: स्पीकर नको. प्लीज. बोलतो मी. बोलतो ना.

मेघना: मग मोठ्यानं बोल.

निलेश: हॅलो... हॅलो, डॉक्टर, मी निलेश, मेघनाचा... हो हो, चिकुनगुनियावाली. नाही, इमर्जन्सी नाही. म्हणजे...

मेघना: आहे म्हण.

निलेश: आहे, मॅडम. मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, घरी काही चालू आहे का. मी नाही म्हटलं. चालू होतं... गुळवेल. रोज... नोव्हेंबरपासून. हो. जानेवारीत थोडी जास्त... नाही, तिला माहीत नव्हतं. तिला न सांगता... मला माहीत होतं, मॅडम. आणायचो मीच... हो... हो... कळलं. नाही, स्पृहा, मुलगी, तिला नाही. ती थुंकली... डोळे? थांबा. मेघना, डोळे पिवळे झालेत का? लघवी गडद होते?

मेघना: नाही.

निलेश: नाही म्हणते... हो. बरं. आणि ती गोळी? म्हणजे कायमची... हां... हां... लिहून घेतो. थँक यू, मॅडम. सॉरी.

शेवंती: ओरडली काय?

निलेश: नाही. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मेघना: काय म्हणाल्या?

निलेश: म्हणाल्या, गुळवेलीनंच झालं असं आत्ता छातीठोक सांगता येत नाही. पण काही लोकांचं लिव्हर तिनं बिघडतं, आणि ज्यांची इम्युनिटी आधीच उलटलेली असते त्यांना धोका जास्त. सोमवारी रक्त द्या, पण त्यावर काही ठरवणार नाही. सगळं बंद करून महिन्यानं परत तपासायचं. आकडे खाली आले तर गोळी परत सुरू करू, कमी डोसनं.

मेघना: म्हणजे काट नाही मारली.

निलेश: नाही. म्हणाल्या, बरं झालं आज सांगितलंत.

मेघना: महिना.

निलेश: हो. तोपर्यंत दुखलं तर साधी गोळी, ती पण विचारून.

मेघना: अजून एक महिना असाच. जानेवारीत बोलला असतास तर आज मी गोळीवर असते.

निलेश: मेघू, मी काय करू सांग. जे म्हणशील ते करतो.

मेघना: उद्यापासून स्पृहाच्या वेण्या तू घालायच्या.

निलेश: मला वेणी नाही गं येत.

मेघना: मलाही नाही येत आता.

निलेश: ...शिकतो. वैदेहीला विचारतो.

मेघना: आणि तिनं का म्हणून विचारलं, तर खरं सांग. दारात उभं राहून सांग, माझ्या बायकोला बरं नाहीये. मनाचं नाही, सांध्यांचं आहे.

निलेश: सांगतो.

मेघना: आत्ता जा. बांगडे घेऊन जा बाहेर, साफ कर. मला थोडा वेळ तू समोर नकोयस.

शेवंती: जा रे, जा. ...मेघना, गाळणी दे हयसर. मी टाकतंय ता.

मेघना: घ्या.

शेवंती: पातेला पण घासतंय. दोनय पातेली.

मेघना: घासा.

शेवंती: निलेशान खोटा सांगल्यान माका. त्या बाईन इचारलेनी, हा माका माहीत असता तर... नाय, तरी दिलंच असतंय मी. खोटा कशाक बोलू.

मेघना: माहितेय मला.

शेवंती: बस तू. उभी कशाक रवलंस? मेघना गो... खूप दुकता काय?

मेघना: उद्या विचारा, आई. आज माझ्या तोंडून नीट उत्तर येणार नाही.

शेवंती: बरा.

मेघना: पण विचारा.